उसाचं बिल खात्यावर आलं की पहिल्या संध्याकाळी काय करायचं

फोन टुंग वाजतो, कारखान्याकडनं उसाचं बिल जमा. आणि मग त्याच संध्याकाळी आमच्या कृष्णाकाठाला घराघरात काय चालू होतं ते ऊसवाल्यांना सांगायला नको, हे म्हणतात ट्रॅक्टरचं टायर बदलायचंय, पोरगं म्हणतंय मोबाईल, सासूबाईंना गावदेवाच्या जत्रेच्या आधी सोन्याच्या दुकानात जायचं असतं, आणि चार महिने "बिल आलं की देतो" असं ज्यांना ज्यांना सांगितलेलं असतं ते सगळे त्याच आठवड्यात चहाला येतात. जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी भरायची वेळ येते तोवर खातं साफ.

मी कराड तालुक्यातली, घरी शेती, दोन म्हशी, आणि बचत गटाची वही गेली नऊ वर्षं माझ्याकडं आहे. गटात बायकांचे पाच-पाच रुपये जुळवायचे आणि घरी लाखाचं बिल कुठं गेलं ते कळायचं नाही, हा बावळटपणा मी पण बरीच वर्षं केलाय. आता आम्ही बिल आलं की पहिली संध्याकाळ फक्त हिशोबाला ठेवतो, दोन्ही पोरांना घेऊन बसतो, आणि तोवर एक रुपया काढायचा नाही. ते कसं करतो ते सांगते, तुम्हाला पटेल तेवढं घ्या.

लागतं काय? दोनशे पानी वही, पेन, पासबुक, बिलाची चिठ्ठी आणि वजनाच्या सगळ्या पावत्या. पावत्या म्हटलं की निम्मे लोक इथंच अडकतात कारण पावती कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात धुतली गेलेली असते. म्हणून तोड चालू असतानाच प्रत्येक खेपेच्या काटा पावतीचा फोटो काढायचं काम पोरांना द्या, ती हे काम मनापासून करतात. दोन वर्षांमागं आमच्या सात खेपा गेल्या आणि बिलात सहाच. मी टनेज बघून "बरं पडलं की यंदा" म्हणत होते, थोरलीनं फोटो मोजले आणि म्हणाली आई एक कमी आहे. १८ टन ४२० किलोची खेप. भावकीत ह्यांच्याच नावाचा दुसरा माणूस, त्याच्या कोडवर चढली होती. कारखान्याच्या गट ऑफिसला दोन हेलपाटे झाले, दुरुस्त करून दिलं त्यांनी, पण पावतीच नसती तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं? त्या दिवसापासून आबा, म्हणजे माझे सासरे, पोरीला "शेतीसाहेब" म्हणतात.

आता बिल वाचायचं. एफआरपी एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, सगळे म्हणतात पण ती काढतात कशी हे पोरांना एकदा मांडून दाखवा, दहावीच्या गणितापेक्षा सोपं आहे. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं एफआरपी ठरवली क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०, पण ती १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातनं सव्वादहा किलो साखर निघते असं धरून. त्याच्यावर उतारा प्रत्येक ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, टनाला ३४ रुपये ६० पैसे. समजा कारखान्याचा उतारा १२ टक्के धरला. म्हणजे १.७५ टक्के जास्त, साडेसतरा वेळा ३४.६०, झाले ६०५ रुपये ५० पैसे. एकूण ४,१५५. ह्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते, ती प्रत्येक कारखान्याची वेगळी, समजा टनाला ९०० धरली तर हातात ३,२५५. शेजारच्या कारखान्याचा दर वेगळा का, हे पारावर भांडत बसण्यापेक्षा उतारा आणि तोडणी-वाहतूक हे दोन आकडे विचारले की बराचसा उलगडा होतो. आणि अजून एक, ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, त्यात ऊस घातल्यापासून १४ दिवसात पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यानं व्याज, असं आहे. मिळतं किती जणांना ते सोडा, पण पोरांना माहीत असूद्या, उद्या तीच सभासद होणार आहेत.

आमचं उदाहरण सोपं करून घेते. दोन एकर, एकरी ४५ टन, ९० टन. गुणिले ३,२५५ म्हणजे २,९२,९५०. हा आकडा वहीत वर लिहायचा आणि त्याच्याखाली कपाती. सोसायटीचं पीककर्ज १,१०,०००, पाणीपुरवठा संस्थेचं १७,९५०. राहिले १,६५,०००. खुशाली आणि ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे तोडकऱ्यांना आणि ड्रायव्हरला वरनं द्यायचे पैसे, ही बिलात कुठंच दिसत नाही पण खिशातनं जातेच, ती वेगळ्या पानावर लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी आधीच बाजूला ठेवता येते. आम्ही पहिल्यांदा लिहिली तेव्हा आबांना खरं वाटेना इतके पैसे कसे गेले म्हणून.

सोसायटीचं कर्ज कापून गेलं म्हणून तोंड वाईट करू नका. तीन लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की केंद्राची आणि राज्याची, म्हणजे पंजाबराव देशमुख योजनेची, व्याज सवलत धरून ते शून्य टक्क्यानं पडतं. एवढे स्वस्त पैसे जगात कोण देत नाही. मुदत हुकली की मात्र सवलत गेली, म्हणून सचिवांना विचारून तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आडसाली वाल्यांची, म्हणजे दीड वर्षाचा ऊस लावणाऱ्यांची, तारीख वेगळी असू शकते, शेजाऱ्याची बघून चालू नका. आणि ते "नवं-जुनं" करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायला, सावकाराकडनं आठ दिवसाला पैसे उचलायचं जे चालतं ना, ती सवय मोडायची असेल तर बिलातलीच कपात चांगली.

आता खरं काम, आणि इथं घाई करू नका. आपल्याला पगार नाही, आपल्याला बिल आहे. पगारवाला महिना ते महिना जगतो, आपण बिल ते बिल. तर पहिल्यांदा विचारायचं, पुढचं बिल किती महिन्यानं? खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस, असेल तर साधारण बारा महिने. जुलै-ऑगस्टात आडसाली लावली तर ते सोळा-अठरा महिन्यानं तुटणार आणि मग बिल. नुसता हा आकडा मांडला तरी घरातला आवाज खाली येतो, खरंच. आम्ही १,६५,००० असे फोडले: खोडव्याचं खत, औषध, मजुरी ४०,०००. थोरलीचं शिक्षण ४५,०००. दुखणंखुपणं २०,०००. राहिले ६०,०००, त्याला बारानं भागलं, महिन्याला ५,०००. किराणा-भाजी दुधाच्या बिलातनं निघते, ते दर दहा दिवसाला येतं, म्हणून हे पाच हजार वरखर्चाला. ज्यांच्याकडं दूध नाही त्यांनी हा भाग मोठा धरायचा आणि शेतीखर्च पीककर्जातनं बसवायचा, प्रत्येकाचं गणित वेगळं होणार.

पण वहीत फोडले म्हणून खात्यात फुटत नाहीत. एकाच खात्यात सगळे पडले आणि त्याच खात्याला फोनवरचं पेमेंट जोडलेलं असलं की तीन महिन्यात खलास, मी दोनदा अनुभव घेतलाय. म्हणून दोन खाती करा. बिल येतं त्या खात्याला ना एटीएम ना यूपीआय. दुसरं घरखर्चाचं, त्याला फोन जोडा. दर एक तारखेला पहिल्यातनं दुसऱ्यात पाच हजार, बँकेत एकदा अर्ज दिला की आपोआप जातात. फीचे पैसे फेब्रुवारीतच चार महिन्याच्या ठेवीत टाका, व्याज किती मिळतं हा प्रश्नच नाही, हात पोचू नये हा प्रश्न आहे.

ठेवीवरनं आठवलं. बँक आणि पतसंस्था ह्यातला फरक पोरांना नक्की सांगा, मोठ्यांना पण सांगा. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक असो, जिल्हा बँक असो की सरकारी, डीआयसीजीसीच्या, म्हणजे ठेवींचा विमा करणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेच्या, विम्यात येते, ४ फेब्रुवारी २०२० पासून एका माणसाला एका बँकेत ५ लाखापर्यंत, मुद्दल आणि व्याज मिळून. त्याच्याआधी एकच लाख होतं. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवले तरी मर्यादा एकच. पतसंस्था ही बँक नाही, तिच्या ठेवीला हा विमा नाही, बोर्ड किती का मोठा असेना. आबांचे १,८०,००० एका पतसंस्थेत अडकले, नाव सांगत नाही, एक टक्का व्याज जास्त म्हणून ठेवले होते. वर्षाला अठराशे रुपये जास्त मिळावेत म्हणून सगळी मुद्दल टांगणीला. चांगल्या पतसंस्था आहेत की आमच्याकडं, नाही असं नाही, पण ठेवायचेच असतील तर गेले तरी चूल बंद पडणार नाही तेवढेच ठेवा. आबा आता त्या रस्त्यानं जाताना मान दुसरीकडं करतात.

व्याजाचं पान. हे मी स्वतः पोरांकडून करून घेते कारण गावात व्याज सांगायची भाषाच फसवी आहे. "शेकडा तीन" म्हटलं की ऐकायला तीन टक्के वाटतं, पण ते महिन्याचं, वर्षाचे छत्तीस. आमच्या गटात शेकडा दोन आहे, म्हणजे चोवीस, फक्त ते व्याज आपल्याच गटात राहतं हा फरक. म्हणून कुणीही टक्के बोललं की पहिला प्रश्न, महिन्याला का वर्षाला? दुसरा प्रश्न, फ्लॅट का घटत्या शिलकेवर? समजा ५०,००० घेतले, १२ टक्के फ्लॅट, एक वर्ष. व्याज ६,०००, हप्ता ४,६६७. वाटतं बारा टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं आणि व्याज मात्र पूर्ण पन्नास हजारावर चाललेलं असतं, त्यामुळं खरा दर साडेएकवीसच्या आसपास पडतो. दारात येऊन कर्ज देणाऱ्यांना हे विचारा, ते फॉर्म पुढं करायच्या आधी थोडं थांबतात.

तोंडी गणित यायला लागलं की काय होतं त्याची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायला अर्ज केला, रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारला, कारण बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बायका शिकल्या, परत गेल्या, आणि म्हणाल्या आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही कॅल्क्युलेटर न घेता सांगतो, तुमच्या साहेबांनाही सांगा करून दाखवायला. १९९७ ला माणदेशी महिला बँक सुरू झाली. दुष्काळी माणदेशातल्या बायकांना जमलं तर बारमाही पाण्यातल्या आपल्याला जमायला काय झालं, असं मी गटात म्हणते आणि मग माणच्या माहेरवाशिणी खूश होतात.

पोरांना पटवायची माझी एक युक्ती आहे, रुपयात सांगायचं नाही, उसात सांगायचं. धाकट्याला २६,००० चा फोन पाहिजे होता. म्हटलं भाग ३,२५५ नं. आठ टन. मग त्याला फडात नेला आणि आठ टन म्हणजे किती सऱ्या ते दाखवलं, तोडकऱ्यांची एक कोयता जोडी किती दिवस राबते ते त्यांनाच विचारायला लावलं. जुन्याच फोनची काच बदलून घेतली त्यानं. दहा हजार शेकडा तीननं उचलले आणि पुढच्या बिलापर्यंत चौदा महिने गेले तर व्याज ४,२००, म्हणजे सव्वा टनाच्या वर ऊस नुसता व्याजाला. ह्यांची नवी गाडी १,१०,००० ला बसत होती, चौतीस टन, पाऊण एकर. हे गप्प बसले, बोलले नाहीत दोन दिवस, पण गाडी पण आली नाही. (बघू पुढच्या बिलाला.)

शिक्षणाचं पान वेगळं ठेवा, कारण खतासारखा तो खर्च दरवर्षी सारखा नसतो, दहावी-बारावीनंतर एकदम उडी मारतो. आपल्या जिल्ह्यात तर ह्या विषयाला मोठी परंपरा आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली ती ह्याच कराड तालुक्यात, काले गावाला, म्हणजे काल्याला. त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पैसा कधी असतो आणि कधी नसतो हे त्यांना कागदावरनं शिकायची गरज नव्हती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं मोडलं. आपण उलटं करतो, पोरीचं शिक्षण बारावीला थांबवतो आणि तिच्या लग्नाला सोनं घेतो.

करायचं काय ते सांगते. मुलगी दहा वर्षाच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या खातं, वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत, भरायचं पंधरा वर्षं, आणि मुलगी अठराची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणाला निम्म्यापर्यंत काढता येतात. आपल्यासारख्यांना ह्यात चांगलं हे की महिन्याला भरायची सक्ती नाही, बिल आलं की एकदम भरा. मुलगी मोठी असेल तर दुसरं बघा: २०२४-२५ पासून राज्यानं व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतनं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं घेतला की गेलं. इथं लोक एजंटाच्या नादानं हुकतात. उत्पन्नाचा दाखला आणि बाकीचे दाखले मे महिन्यातच काढून ठेवा, निकाल लागल्यावर सेतूत उभं राहायला जागा नसते. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा, फॉर्म भरताना बघा की मुलीच्या आधारला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, कुठलं खातं जोडलंय. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीला जोडलेलं असणं वेगळं, ते एकाच खात्याला असतं, आणि चुकून पाचवीत काढलेल्या बंद खात्याला जोडलेलं असलं तर स्कॉलरशिप लटकते.

शैक्षणिक कर्जाला घाबरू नका, पण आधी कागदावर मांडा. चार लाखापर्यंत साधारण तारण मागत नाहीत, आणि हप्ता कोर्स संपल्यावर वर्षानं सुरू होतो. लोकांना वाटतं तोवर व्याज पण नाही. आहे. समजा चार वर्षं दरवर्षी एक लाख उचलले, दहा टक्के, सरळ व्याज. पहिल्या लाखाला पाच वर्षाचं ५०,०००, दुसऱ्याला ४०,०००, मग ३०,०००, मग २०,०००. हप्ता सुरू होईल त्या दिवशी चाराचे ५ लाख ४० हजार झालेले. तेच पहिल्या वर्षापासून नुसतं व्याज भरत गेलं, पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तर पोरगी नोकरीला लागताना डोक्यावर चारच. आमच्या थोरलीनं हे मांडून झाल्यावर विचारलं, "मग मी शनिवार-रविवार काम केलं तर माझं व्याज मीच भरू शकते ना?" काल्याला जाऊन आल्यासारखं वाटलं मला.

फोनचं थोडक्यात, पोरांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपलेच गेले. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, जेवढं लवकर तेवढं बरं.

आणि सगळ्यात शेवटी विम्याची ओळ लिहायची, कारण ह्याला पैसे नगण्य लागतात आणि तरी ती राहूनच जाते. पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाताचा, वर्षाला २० रुपये. जीवन ज्योती, वर्षाला ४३६. दोन्ही दोन-दोन लाखाचे, दुसरा पन्नास वर्षाच्या आतच घेता येतो. बँकेत फॉर्म दिला की दरवर्षी आपोआप कापतात, पण मुदत १ जून ते ३१ मे, म्हणजे मे अखेरीला खात्यात शिल्लक पाहिजे, आणि मे अखेर म्हणजे नेमकी शेतकऱ्याच्या खात्याची सगळ्यात रिकामी वेळ, बियाणं-खत झालेलं, बिल संपलेलं. मागच्या वर्षी गटातल्या तिघींचा विमा शिल्लक नसल्यामुळं कापलाच नाही आणि ते त्यांना ऑगस्टात कळलं. ४५६ रुपये फक्त. मी आता भिंतीवरच्या कॅलेंडरला २५ मे ला लाल गोल करून ठेवते, आणि गटाच्या त्या महिन्याच्या मीटिंगला हप्ता गोळा करायच्या आधी प्रत्येकीचं पासबुक बघते.